माकुणसारला नेलेली बाटली

आमच्याकडं मुलगी मागायला जाताना बाटली न्यावी लागते. आमच्याकडं म्हणजे तारापूरच्या बाजूला, बोटीवाल्या घरांत. दोन्ही घरं समोरासमोर बसतात, बोलणी होतात, आणि पटलं तर मुलीचा बाप मुलाकडच्यांनी आणलेली बाटली स्वतःच्या हातानं उघडतो. दोन थेंब जमिनीवर, गेलेल्या माणसांसाठी. मग पहिला ग्लास त्याचा. तो रिकामा झाला की ठरलं, पुन्हा त्या विषयावर बोलायचं नाही. नकार असेल तर तोंडानं कोणी नाही म्हणत नाही. बाटली तशीच राहते, चहा येतो, आणि निघताना मुलीची आई ती बाटली मुलाकडच्यांच्याच पिशवीत परत ठेवून देते. माझ्या मामाची एक बाटली अशी परत आली होती. नंतर त्याचं दुसरीकडं लग्न झालं, दोन पोरं झाली, पण अजून त्याच्यासमोर कोणी पिशवीतून बाटली काढली की तो बाहेर जाऊन मोबाईल बघत उभा राहतो.

मला जायचं होतं माकुणसारला, तिच्या घरी. ती आणि मी बोईसरला एकाच कंपनीत. ती लॅबमध्ये, मी पॅकिंगला. त्यांची वाडी आहे, पोफळी, केळी, थोडे चिकू. आमच्याकडं बोट आहे आणि बोटीचा वास आहे. समाज वेगळा, पण त्याचं एवढं काही नव्हतं. तिची आई, म्हणजे काकू, पोरगा कमावतो आणि आईला उलट बोलत नाही एवढ्यावर तयार झाली होती. गाडं अडलं होतं तिच्या वडलांपाशी, काकांपाशी. आणि तेसुद्धा समाजावरून नाही. माझ्यावरून.

मी नकला करतो. शाळेत हेडसरांची करायचो, त्यांच्याच केबिनबाहेर उभा राहून. आवाज एकदा ऐकला की माझ्या गळ्यात येऊन बसतो, मी काय करू. कंपनीच्या फंक्शनला मी स्टेजवर मॅनेजर केला, गेटवरचा सिक्युरिटी केला, आणि गाडी उशिरानं धावत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणारी स्टेशनवरची बाई केली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. त्या दिवशी ती काकांना घेऊन आली होती, मला लांबून दाखवायला. काका सगळा वेळ हसले. आणि परत जाताना रिक्षात तिला म्हणाले, "पोरगा गमतीचा हाय. पन त्याचा सोताचा आवाज कंचा?"

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी ते वाक्य काकांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, बघ, हेच.

त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. मग एकदम निरोप आला, रविवारी या. त्यांच्यात साखर-नारळाची रीत, पण आमचं बाटलीचं तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं. काका म्हणाले, त्यांची रीत त्यांनी करावी, आपण मान द्यावा. फक्त कडक दारू त्यांनी सोडलेली. वाईन चालेल. वाईन घेतात थोडी, असं ती म्हणाली. ही 'थोडी' म्हणजे भाच्याच्या लग्नात एकदा घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं.

वाईन म्हटल्यावर आमच्या बाबाची पंचाईत झाली. त्याच्या डोक्यात त्याची नेहमीची व्हिस्की होती, झाकण फिरवलं की मोकळी. मग तो आणि आई दोघं माझ्याकडं बघायला लागले, कारण घरात वाईनचं वेड मलाच. तेसुद्धा नकलेतूनच लागलेलं. बारावीनंतर मी केळव्याला एका रिसॉर्टवर वाढपी होतो. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे यायचे, ग्लास गोल गोल फिरवायचे, त्यात नाक घालायचे आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. मला त्यांची नक्कल करायची होती. पण नक्कल नीट जमायची तर त्यांना नक्की कसला वास येतो ते कळायला पाहिजे ना. म्हणून एका टेबलावर उरलेल्या ग्लासात मी नाक घातलं. करवंदाच्या जाळीत हात घातल्यावर येतो तो वास आला. आणि त्याच्या मागून ओल्या लाकडाचा, बोट वर ओढून ठेवल्यावर तिच्या पोटाला येतो तसला. नक्कल बाजूला राहिली.

तेव्हापासून पगार झाला की एक बाटली. आणि प्रत्येक बाटलीवर माझं मत, कोणी विचारो न विचारो. लेबलवर लिहिलेलं असतं, चेरी, चॉकलेट, तंबाखूची झाक. चेरी म्हणजे आमच्याकडं केकवरची, लाल प्लास्टिकसारखी. ती झाक वाईनमध्ये असेल तर पैसे परत द्या. पांढरी वाईन तळलेल्या बोंबलाबरोबर घ्यावी, आणि बोंबील कढईतून नुकता निघालेला पाहिजे, नाहीतर दोघंही रडवेले होतात. गोडवाली पोर्ट म्हणजे खोकल्याचं औषध, टोपणानं मोजून द्यावी, वर पाणी पिऊ नये. गुलाबी लोक रंगासाठी घेतात आणि त्यांना रंग मिळतो. हे सगळं मी तिला कंपनीच्या बसस्टॉपवर ऐकवायचो. ती ऐकायची, कारण बस यायला वेळ असायचा.

पण मत असून काय करणार, बाटली चांगली मिळायला तर पाहिजे. बोईसरला दुकानांवर पाट्या आहेत 'वाईन शॉप' आणि आत वाईन सोडून सगळं. वाईन असते ती रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात, शोभेला. दुपारभर तिच्यावर ऊन, संध्याकाळी ट्यूब, वर्षभर धूळ. फ्रीजमध्ये बियर. मी एकदा धीर करून दुकानदाराला म्हटलं, या बाटल्या आडव्या ठेवायच्या असतात, आणि गार जागेत. त्यानं मला खालून वरपर्यंत बघितलं. "भाई, यहाँ मेरे को बैठने को जगह नहीं, इसको सुलाऊँ किधर?" दुसऱ्या दुकानात वाईन मागितली की आवाज बारीक करून विचारतात, "लेडीज के लिए?" आणि पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून असं देतात जसं काय मी कोणाचं मूल पळवून नेतोय. घरी येऊन उघडावी तर दोनातली एक बाटली शिजलेली असते. बदलून मागायला गेलं तर म्हणतात, उघडलीस कशाला.

म्हणून या बाटलीसाठी मी पालघरला गेलो. तिथला दुकानदार मराठी बोलायचा आणि अभिमानानं बोलायचा. म्हणाला, वाईन जेवढी जुनी तेवढी भारी. आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवरून, पत्र्याखालून, एक लाल बाटली काढून फडक्यानं पुसली. बुचाची होती. मी नेहमी झाकण फिरवून उघडायची घेतो, आपल्याकडच्या बऱ्याच तसल्याच असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही हे मीच लोकांना सांगत फिरतो. पण त्या दिवशी माझी अक्कल फिरली. मला वाटलं, ही बाटली उघडणं म्हणजेच होकार आहे. मग उघडताना काहीतरी झालं पाहिजे. आवाज झाला पाहिजे. काका झाकण गर्रकन फिरवणार, सरबताच्या बाटलीसारखं, आणि झालं माझं लग्न पक्कं? मी बुचाची घेतली. किंमत आईला अजून खरी सांगितलेली नाही.

बूच काढायचा स्क्रू दुकानात नव्हता. भांड्यांच्या दुकानात मागितला तर त्यांनी सोडा उघडायची पट्टी दाखवली, मग डबा कापायची सुरी, मग नारळाची खवणी, म्हणजे त्यांनाही मला मोकळ्या हातानं पाठवायचं नव्हतं. शेवटी एका मोबाईल कव्हरच्या टपरीवर एक चिनी चाकू मिळाला. त्यात कात्री, नखं कापायचं, आणि एका बाजूनं एक बारीक वळलेली तार निघायची. चालेल का हे बघायचं तर अजून एक बुचाची बाटली पाहिजे. ती घ्यायची ऐपत नव्हती. मी ती तार नखानं वाजवून बघितली आणि स्वतःला सांगितलं, मजबूत आहे.

ती मला बसस्टॉपवर दोनच गोष्टी बोलली. कोणाची नक्कल नको. आणि बाटलीवर मत नको. "काकांनी काय विचारलं तर?" मी म्हटलं. ती म्हणाली, छान आहे म्हण आणि गप्प बस.

रविवारी आम्ही तिघं व्हॅन करून निघालो. मे महिना. बाटलीला ऊन लागेल याची मला एवढी काळजी की मी ती मांडीवर ओल्या टॉवेलात घेऊन बसलो होतो, आजारी पोरासारखी. आईला ते बघवेना. तिनं त्यांच्यासाठी थर्माकोलच्या खोक्यात बर्फात पापलेट घेतली होती, चांगली ताटाएवढी. तिनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि पापलेटांच्या मध्ये खुपसली. "गार ऱ्हावी लागते ना? मंग?" ते बरोबरच होतं.

पालघर सुटल्यावर मी खोक्याचं झाकण उचलून बघितलं. लेबल सुटून एका पापलेटाच्या गालाला चिकटलं होतं. आता बाटली महागाची आहे हे ओळखायला काहीच उरलं नव्हतं. बाटलीच्या मानेला हात लावला तर चिकट लागली. मी म्हटलं, माशाचं असेल. खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण हे मीच दहा जणांना शिकवलंय. मानेला चिकट लागलं की समजायचं, तापून आतलं बुचाजवळून बाहेर येऊन गेलंय. पण मला त्या वेळेला माशाचंच असायला पाहिजे होतं.

उतरल्यावर आईनं पापलेट काकूंकडं दिली आणि बाटली पिशवीत घेतली. काकांच्या पडवीत खुर्च्या मांडलेल्या. काका झोपाळ्यावर, पांढरा शर्ट, नुकती दाढी केलेली. ती आतल्या दारात उभी, मला डोळ्यांनी दटावत. बोलणी सुरू झाली. बाबा घाबरला की जास्त बोलतो. त्यानं वारा, जाळी, डिझेल, बंदरावरचा बर्फाचा कारखाना सगळं काढलं. काकांनी विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलंय ते सांगितलं. दोघं एकमेकांना हो हो करत होते. मी हाताची घडी घालून शांत. एवढा शांत की काकांनी मान वळवून विचारलं, आज आवाज बंद आहे वाटतं. मी हसलो फक्त. त्यांना ते आवडलं की नाही, काही कळलं नाही.

मग मध्येच बाबानं घसा साफ केला आणि आईनं पिशवीतून बाटली काढून टीपॉयवर ठेवली. उघडी-नागडी, लेबल नाही, बाहेरून पाणी सुटलेलं, आणि खरं सांगतो, थोडा पापलेटाचा वास. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली. मी चाकूची तार उघडून त्यांच्या हातात दिली.

तार बुचात अर्धी गेली. काकांनी ओढलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढलं तर तार अलगद सरळ होऊन बाहेर आली, आणि तिच्याबरोबर बुचाचा चुरा. काकांनी तार उजेडात धरून बघितली. बाबा म्हणाला, आमची व्हिस्की असती तर. आईनं त्याला कोपर मारलं. काकांनी परत प्रयत्न केला, या वेळेला चाकूच्या टोकानं. बुचाचा वरचा तुकडा उडाला, खालचा तसाच बसलेला. त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या पाठीवर तर कधीपासून होता. मी उठायला लागलो तर बाबानं मला दाबून खाली बसवलं. मुलीच्या बापानंच उघडायची असते.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. अगदी मायेनं, त्यांच्या मनात काहीच नव्हतं, त्यांनी काकांच्या हातातून बाटली घेतली आणि आमच्या पिशवीशेजारी ठेवली. "ऱ्हाव द्या आता. चहा टाकते."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीच्या कडेला सरकली, उठायच्या तयारीनं. बाबा चपलांकडं बघायला लागला. काकूंना बिचाऱ्यांना काय माहीत, आमच्याकडं या दोन वाक्यांचा अर्थ काय होतो. तिला माहीत होता. ती दारात तशीच उभी, दाराची कडी धरून. मला त्या क्षणाला नक्कलसुद्धा सुचली नाही. मला फक्त मामा दिसला, मोबाईल बघत उभा.

काका म्हणाले, "थांब. लाटणं आन."

लाटणं आलं. त्यांनी त्याची बारीक मूठ बाटलीच्या तोंडात टेकवली, बाटली गुडघ्यांत धरली, आणि वरून तळहातानं दोन ठोके दिले. बूच आत गेलं. त्याच्यासरशी लाल धार वर उडाली, काकांच्या शर्टावर, झोपाळ्याच्या कडीवर, आईच्या नव्या साडीच्या काठावर. बाबा म्हणाला, "बुडालं." बोटीवाल्या माणसानं असल्या दिवशी हा शब्द काढावा, ही आईला सहन होणारी गोष्टच नव्हती. तिनं त्याला असा चिमटा काढला की तो रस्ताभर दंड चोळत होता.

काकांनी दोन थेंब जमिनीवर सोडले. शर्टावरून आधीच बरेच सांडले होते, पण ते त्यांनी धरले नाहीत, वेगळे सोडले. मग काचेच्या ग्लासात ओतली, बुचाच्या चुऱ्यासकट. थोडी माझ्यापुढं केली. आणि एक घोट घेतला.

त्यांच्या तोंडावरची रेषा हलली नाही. मी माझा ग्लास नाकाशी नेला आणि मला कळलं. चायनीजच्या गाडीवर मिरची घातलेल्या व्हिनेगरची बाटली असते ना, तो वास. जिभेवर आधी शिजवलेलं करवंद, मग नुसता आंबटपणा. पत्र्याखालच्या फळीवर तिनं किती उन्हाळे काढले होते देव जाणे. आणि असली वाईन मी त्या माणसाला होकारासाठी पाजत होतो.

काकांनी ग्लास गुडघ्यावर टेकवला आणि माझ्याकडं बघितलं. "तुला यातलं कळतं म्हनं. कशी हाय?"

दारातून तिनं मान हलवली, बोलू नको म्हणून. माझ्या गळ्यात तेव्हा किती आवाज तयार होते. रिसॉर्टवरचा पाहुणा होता, डोळे मिटून वाहवा म्हणणारा. पालघरचा दुकानदार होता, जुनी तेवढी भारी म्हणणारा. कोणालाही पुढं केला असता तर निभावलं असतं. पण काका वाट बघत होते, आणि त्यांच्या शर्टावर ते लाल पसरत चाललं होतं.

"बिघडलीय, काका," मी म्हटलं. आवाज एवढा बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही. "उन्हात ऱ्हायलीय. मी बघून घ्याया पायजे होती. नाय बघितली."

आईनं डोळे मिटून घेतले.

काकांनी ग्लासात बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं वाईन अशीच लागते. भाच्याच्या लग्नात पन अशीच होती."

कोणी हसलं नाही. ते हसण्यासाठी म्हणाले होते का, तेही कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, चांगली कशी लागते. मी सांगायला लागलो. करवंदाच्या जाळीचं सांगितलं, ओल्या लाकडाचं सांगितलं, घोट गेल्यावर जीभ कशी थोडी कोरडी होते आणि परत प्यावंसं वाटतं ते सांगितलं. घरी बोलतो त्याच बोलीत, अडखळत. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, पिकल्या करवंदाची की कच्च्या. मी म्हटलं, पिकल्या, पण काळी होऊन गळायच्या आधीची. त्यांनी मान हलवली. मग ग्लास उचलला, मुलं एरंडेल पितात तसं नाक दाबल्यासारखं तोंड केलं आणि एका दमात सगळा रिकामा केला. चुरासुद्धा. रिकामा ग्लास टीपॉयवर ठेवला आणि शर्ट बदलायला आत गेले.

परत येताना व्हॅनमध्ये भांडण. बाबाचं म्हणणं, ग्लास रिकामा झाला म्हणजे ठरलं, विषय संपला. आई म्हणाली, रिकामा केला तो औषध म्हणून केला, घरी आलेल्या माणसांचा अपमान नको म्हणून केला, तोंड बघितलंस का त्यांचं. आणि बूच आत ढकललं तर ती बाटली उघडली म्हणायची का? बाबा म्हणाला, गावात विचारू कोणाला तरी. आई म्हणाली, खबरदार, विचारलंस तर. मग दोघं माझ्याकडं वळले, तू कशाला बोललास खराब आहे म्हणून. केळवे रोडचं रेल्वे फाटक बंद होतं, गाड्या जात होत्या. रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचं पाणी डचमळत होतं.

फाटक उघडायच्या जरा आधी तिचा मेसेज आला. आमचे बाबा विचारतायत चांगलीवाली कधी आणणार, आणि बुचाची नको म्हणाले, शर्ट गेला.

मी मोठ्यानं वाचला. आईनं परत वाचायला लावला. मग ती पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागली. बाबा म्हणाला, बघ, मी काय म्हनत होतो, आणि ड्रायव्हरला उगाच हसून दाखवलं. फाटक वर गेलं. मी मोबाईल हातात धरून बसलो होतो आणि मला एवढंच दिसत होतं की काकांना आता फरक कळणार आहे, आणि पालघरपासून बोईसरपर्यंत मला उन्हात न ठेवलेली एकही बाटली माहीत नाही.